याखिमोव : एका गावाचे वारस

भाषाविज्ञानाच्या तासाला उसन्या शब्दांचा विषय निघाला की आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : 'डॉलर' हा शब्द मूळचा कुठला? उत्तर एकमुखाने येते आणि ते चुकीचे असते. डॉलरचे जन्मगाव अमेरिकेत नाही. ते आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या वायव्य सीमेवर, डोंगराच्या एका चिंचोळ्या दरीत आहे. तेथील वस्ती आज जेमतेम अडीच हजारांच्या घरात. गावाचे चेक नाव याखिमोव आणि जुने जर्मन नाव सांक्ट योआखिम्सताल, म्हणजे 'संत योआखिमचे खोरे'. सोळाव्या शतकात या खोऱ्यात पाडलेले चांदीचे नाणे प्रथम 'योआखिम्सतालर' आणि पुढे नुसतेच 'टालर' म्हणून ओळखले जाऊ लागले. डच भाषेत त्याचा 'डालर' झाला आणि इंग्रजीत 'डॉलर'. जर्मनमध्ये गावाच्या नावाला जो 'एर' प्रत्यय लागतो, तो आपल्या 'कर' प्रत्ययाचेच काम करतो. पुण्याचा तो पुणेकर, तसा खोऱ्यातला तो 'तालर'. सगळ्या जगावर राज्य करणारे हे चलन नावाने साधे 'खोरेकर' आहे, हे सांगितले की वर्ग हसतो आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळतो.

ते गाव प्रत्यक्ष पाहण्याचा योग उन्हाळ्याच्या एका सुटीत आला. प्रागला जाणे झाले होते, तेथून कार्लोवी वारी या प्रसिद्ध आरोग्यस्थानी गेलो आणि तेथून बसने वीसेक किलोमीटरवरच्या याखिमोवला. गावाच्या खालच्या अंगाला आरोग्यस्नानाची मोठमोठी हॉटेले दिसतात. पुढे एकच लांब रस्ता दरीतून वर चढत जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरे. काही रंगवलेली, काही छपरे खचलेली, काहींच्या कोरीव दगडी चौकटींतून आत वाढलेले गवत दिसते. एवढ्याशा वस्तीच्या गावात श्रीमंत व्यापाऱ्यांची ही घरे कशी, हा प्रश्न कोणालाही पडावा. आमचे आयुष्य पडक्या दरवाजांच्या आणि ढासळत्या तटांच्या शहरात गेले असल्यामुळे आम्हांला तो प्रश्न ओळखीचा वाटला.

या गावाचा इतिहास १५१६ पासून सुरू होतो. एका ओस पडलेल्या खेड्याच्या जागी चांदी सापडली आणि श्टेफान श्लिक या सरदाराने तेथे नवी वसाहत घातली. पर्वताच्या पलीकडे, सॅक्सनीत, खाणकामाचे एक गाव आधीच उभे राहिले होते. त्याचे नाव आनाबेर्ग, म्हणजे संत अॅनचा डोंगर. अॅन ही मेरीची आई, म्हणून या नव्या खोऱ्याला मेरीच्या पित्याचे, योआखिमचे नाव मिळाले. १५२० मध्ये गावाला राजाकडून स्वतंत्र खाणनगराचा दर्जा मिळाला आणि त्याच सुमारास श्लिक घराण्याने टांकसाळ सुरू केली. एका बाजूला संत योआखिम आणि दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह असलेले, सुमारे २९ ग्रॅम वजनाचे हे जाडजूड नाणे बघता बघता युरोपभर चालू लागले. १५२६ मध्ये तुर्कांशी झालेल्या मोहाचच्या लढाईत श्लिक नाहीसा झाला आणि दोन वर्षांत राजा फर्डिनांडने टांकसाळीचा हक्क स्वतःकडे घेतला. १५३० च्या दशकात गावाची वस्ती सुमारे १८ हजारांवर पोहोचली होती. बोहेमियात त्याहून मोठे शहर एकच, प्राग.

ही वस्ती बहुतांशी जर्मनभाषक होती. सॅक्सनीतून आलेले खाणकामगार, धातू गाळणारे, टांकसाळीतले कारागीर, त्यांच्यामागून आलेले पाद्री आणि शिक्षक, सगळ्यांची भाषा जर्मन आणि धर्म लवकरच ल्यूथरपंथी झाला. ल्यूथरच्या पंक्तीला बसलेला योहानेस माथेझियस येथे आधी शाळामास्तर म्हणून आला आणि पुढे पाद्री झाला. खाणीतल्या माणसांना समजतील अशी, धातूंचे आणि दगडांचे दाखले देणारी प्रवचने तो करीत असे आणि ती १५६२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याच्याही आधी, १५२७ मध्ये, गेओर्ग बाउअर नावाचा वैद्य नगरवैद्य म्हणून आला. बाउअर म्हणजे शेतकरी, म्हणून विद्वानांच्या तत्कालीन रीतीप्रमाणे त्याने आपल्या नावाचे लॅटिन रूप केले, आग्रिकोला. रोग्यांना तपासण्यातून वेळ मिळाला की तो खाणींत उतरे आणि भट्ट्यांपाशी उभा राही. धातूविद्येवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ 'दे रे मेतालिका' त्याच्या मृत्यूनंतर १५५६ मध्ये बासेल येथे छापला गेला आणि पुढची दोन शतके खाणकामाचा प्रमाणग्रंथ राहिला. १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. ते करणाऱ्या दांपत्यातील पती हर्बर्ट हूव्हर पुढे डॉलरच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

या ग्रंथात पाणचक्क्यांची, रहाटांची आणि भात्यांची लाकडी ठशांनी छापलेली सुंदर चित्रे आहेत. त्यात एक नोंद अशीही आहे की कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या मुलखात सात-सात नवरे केलेल्या स्त्रिया आढळतात, कारण सातही नवरे छातीच्या क्षयाने अकाली गेलेले असतात. खाणीतल्या धुळीने माणसे मरतात, हे आग्रिकोलाला ठाऊक होते. धुळीबरोबर त्या हवेत आणखी काय आहे, हे समजायला अजून साडेतीनशे वर्षे लागायची होती.

चांदी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ओसरू लागली. १६२० नंतर हाब्सबुर्ग सत्तेने बोहेमियात कॅथलिक पंथाची सक्ती केली, तेव्हा ज्यांना आपला पंथ सोडवेना ती खाणकामगार कुटुंबे डोंगर ओलांडून सॅक्सनीत निघून गेली. या मुलखातून माणसे उठून जाण्याची ही पहिली मोठी वेळ. त्यांत भाषेचा प्रश्न नव्हता, जाणारे आणि घालवणारे दोघांतही जर्मन होते. गाव लहान झाले, पण नाव आणि बोली टिकून राहिली.

चांदी संपत आली की खाणीत एक काळा, जड, डांबरासारखा चकाकणारा दगड लागे. कामगार त्याला 'पेखब्लेंडे' म्हणत. जर्मनमध्ये 'पेख' म्हणजे डांबर आणि 'पेख' म्हणजे दुर्दैवही. हा दगड लागला की चांदीची शीर संपली असे समजत आणि तो बाहेर ढिगावर फेकून देत. १७८९ मध्ये बर्लिनच्या क्लाप्रोथने अशा दगडातून एक नवे द्रव्य ओळखले आणि नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला युरेनियम हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात काचेला पिवळा-हिरवा रंग देण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला आणि योआखिम्सतालमध्ये त्याचा सरकारी कारखाना निघाला. रंग काढून घेतल्यावर उरलेला चोथा पाइनच्या झाडीत टाकून देत असत. पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांनी नेमका तोच चोथा मागितला. ऑस्ट्रियन सरकारने तो द्यावा म्हणून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष एडुआर्ड झ्यूस यांनी रदबदली केली. हे झ्यूस म्हणजे तेच भूशास्त्रज्ञ, ज्यांनी प्राचीन दक्षिण भूखंडाला आपल्या गोंडांच्या मुलखावरून 'गोंडवनलँड' हे नाव दिले. पाइनची पाने मिसळलेली ती पोती पॅरिसच्या एका गळक्या शेडमध्ये उतरली. १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम यांचा शोध जाहीर केला. दुर्दैवाच्या दगडाचे भाग्य उजळले.

गावाचेही उजळले. १९०६ मध्ये रेडॉनयुक्त पाण्याचे स्नानगृह सुरू झाले आणि १९१२ मध्ये 'रेडियम पॅलेस' हे भव्य हॉटेल उभे राहिले. खालच्या रस्त्यावर आम्ही जी पांढरी, राजवाड्यासारखी इमारत पाहिली ती हीच. त्याच काळात डोंगराच्या दोन्ही अंगांना खाणकामगार फुप्फुसाच्या कर्करोगाने मरत होते. सॅक्सनीतील श्नेबेर्गच्या खाणकामगारांच्या फुप्फुसात घातक गाठी होतात, हे तेथील दोन डॉक्टरांनी १८७९ मध्येच दाखवून दिले होते. आग्रिकोलाच्या त्या विधवांचे कोडे सुटण्याची ही सुरुवात होती.

१९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला आणि गाव नव्या देशात गेले, तरी येथील लोक जर्मनच बोलत राहिले. १९३८ च्या म्युनिक कराराने हा सीमाभाग हिटलरला देण्यात आला. तेथील बहुसंख्य जर्मनभाषकांनी त्याचे स्वागत केले होते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. चेक, ज्यू आणि नाझीविरोधी जर्मन तेथून परागंदा झाले, पाठोपाठ उरलेला चेक मुलूखही व्यापला गेला आणि सहा वर्षे त्याच्यावर जे अत्याचार झाले ते जगजाहीर आहेत. १९४५ मध्ये चाक उलटे फिरले. १९४५ आणि १९४६ या दोन वर्षांत चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना घरदार सोडून जावे लागले. त्यांत नाझी होते, नाझींना मत देणारे होते, कशाशीच देणेघेणे नसलेले होते आणि पाळण्यातली मुलेही होती. ज्यांच्यावाचून खाणी चालणार नव्हत्या अशा काही थोड्या कुशल कामगारांना मागे ठेवण्यात आले. योआखिम्सताल संपले आणि उरले ते याखिमोव.

नवी सत्ता आली तशी खाणींची नावेही बदलली. एका जुन्या जर्मन खाणीचे नाव झाले 'रोव्हनोस्त', म्हणजे समता, दुसरीचे 'ब्रात्र्स्त्वी', म्हणजे बंधुता, आणि १५१८ पासूनच्या सर्वांत जुन्या खाणीचे 'स्व्होर्नोस्त', म्हणजे एकोपा. नोव्हेंबर १९४५ मध्ये सोव्हिएत संघाशी गुप्त करार झाला होता. येथील युरेनियम मॉस्कोला हवे होते. आरंभी जर्मन युद्धकैदी खाणीत उतरवले गेले. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर त्यांची जागा चेक आणि स्लोव्हाक राजकीय कैद्यांनी घेतली. त्यांत शेतकरी, पाद्री, सैनिक, विद्यार्थी, १९५० मध्ये अटक झालेले राष्ट्रीय आइस हॉकी संघातील खेळाडू, असे नाना तऱ्हेचे लोक होते. समता, बंधुता, एकोपा या नावांच्या काटेरी तारांच्या छावण्यांत ते राहिले. विक्मानोवच्या छावणीत विटांचा एक मनोरा आजही उभा आहे. तेथे कैदी युरेनियमचे खनिज दळून पिंपांत भरत आणि ती पिंपे सोव्हिएत संघाला रवाना होत. धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून कसलीही सोय नव्हती. कैद्यांनी त्याला 'मृत्यूचा मनोरा' असे नाव दिले. १९६० च्या दशकात युरेनियमही संपले आणि खाणी बंद पडल्या. स्व्होर्नोस्त तेवढी चालू राहिली. तिच्यातून आज काढतात ते स्नानासाठी लागणारे पाणी.

जुन्या टांकसाळीच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. आम्ही तेथे बराच वेळ रेंगाळलो. एका दालनात टालर होते, खाणकामगारांची अवजारे होती, माथेझियस आणि आग्रिकोला होते. पुढे युरेनियमचे आणि कैद्यांचे दालन. ज्या जर्मन माणसांचा हा वारसा, त्यांची मुले-नातवंडे आता सीमेपलीकडे राहतात. वस्तू नीट पुसून, उजेडात मांडून ठेवल्या आहेत त्या त्यांच्यानंतर या गावात येऊन वसलेल्या चेक लोकांनी. कैद्यांच्या छावण्यांतून जाणारी पाऊलवाटही त्यांनीच फलक लावून जपली आहे. येथे आज राहणाऱ्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात या खोऱ्यात नव्हते. चांदी त्यांची नव्हती आणि त्या काळची प्रार्थनाही त्यांच्या भाषेतली नव्हती. त्यांतल्या अनेकांच्या आजोबांना जर्मन सत्तेने छळले होते. तरीही त्यांनी या गावाचा वारसा आपला मानला आणि त्यात आपल्या राज्यकर्त्यांनी आपल्याच माणसांवर केलेला अन्यायही घेतला.

हे सारे एका दिवसात घडलेले नाही. १९४५ नंतरची कित्येक दशके सीमाभागातील ओस घरे पडू दिली गेली आणि जर्मन स्मृतीविषयी बोलणे गैरसोयीचे मानले जाई. कैद्यांविषयी तर १९८९ पर्यंत जाहीरपणे बोलणेच अशक्य होते. पडक्या चौकटींतले जे गवत आम्ही पाहिले ते त्या मौनाचे होते.

परतीच्या बसमध्ये आमचे बोलणे अपरिहार्यपणे आमच्या शहरावर आले. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याच्या मुलाने शहराचे नाव फतेहनगर केले, १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेबाने औरंगाबाद, आणि पुढे मोगल नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' हेही नाव उमटले. २०२३ मध्ये शहर छत्रपती संभाजीनगर झाले. ज्या राजाला औरंगजेबाने हालहाल करून मारले, त्याचे नाव त्या औरंगजेबाच्या शहराला मिळावे, या इच्छेमागची वेदना आम्ही समजू शकतो. नाव देणे हा जिवंत माणसांचा अधिकार आहे. प्रश्न उरतो तो नावाखालच्या गावाचा. मलिक अंबरने जमिनीखालून नळ टाकून आणलेली नहर बहुतेक ठिकाणी बुजली, फुटली, तिच्यावर घरे झाली. तिचा वारस कोण? इथिओपियातून कोणी ती दुरुस्त करायला येणार नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला स्वतःविषयी कबूल केली पाहिजे. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा इतिहास आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. रझाकारांचे अत्याचार सांगतो आणि ते सांगितलेच पाहिजेत. परंतु सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर याच मराठवाड्यातल्या गावोगावी निरपराध मुसलमान मारले गेले, कित्येक कुटुंबे उठून गेली, त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही, हे आम्ही वीस वर्षांच्या अध्यापनात क्वचितच उच्चारले असेल. एका अन्यायाची भरपाई म्हणून दुसरा घडला की पहिल्याची आठवण दुसऱ्यावर पांघरूण म्हणून घालता येते. ते पांघरूण याखिमोवमध्ये पन्नास वर्षे होते. आमच्याकडे ते अजून आहे आणि त्याचे एक टोक आमच्याही हातात आहे.

२०१९ मध्ये युनेस्कोने या पर्वतातील खाणप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या हद्दीतील एकूण २२ स्थळे त्यात आहेत. याखिमोव त्यांत आहे आणि विक्मानोवचा तो मनोराही आहे. या वारशाचे अधिकृत नाव दोन्ही भाषांत आहे : 'एर्त्सगेबिर्ग' हे जर्मन, 'क्रुश्नोहोरझी' हे चेक, आणि मध्ये एक तिरपी रेघ. आमच्या विद्यापीठाच्या नावाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रेघ पाहून काय आठवेल हे सांगायला नको. १९७८ मध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, बाबासाहेबांचे नाव लागले ते 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून, म्हणून त्याला नामविस्तार म्हटले गेले. ती तडजोड होती, ज्यांनी घरे गमावली त्यांना ती अपुरीही वाटली असेल. पण मराठी भाषेला त्या संघर्षाने 'नामविस्तार' हा एक शब्द दिला. जुन्याला न पुसता नव्याला जागा करून देणे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० आणि १९४१ मध्ये, मुंबईच्या टांकसाळीत ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचे टालर पाडले जात होते. इथिओपियातील मोहिमेसाठी इंग्रजांना ती नाणी हवी होती, कारण तेथील लोक दुसरे चलन विश्वासाने घेत नसत. बोहेमियाच्या एका दरीतले नाव अंगावर वागवणारे नाणे मुंबईत पडून मलिक अंबरच्या मायदेशी गेले. ते पाडणाऱ्या मुंबईच्या कारागिरांना योआखिम्सताल कुठे आहे हे बहुधा ठाऊक नसेल.

पुढच्या सत्रात उसन्या शब्दांचा तास येईल, तेव्हा डॉलरचा प्रश्न आम्ही पुन्हा विचारू. वर्ग हसून झाल्यावर मात्र पुढच्या शब्दाकडे न वळता थोडे थांबावे आणि त्या खोऱ्यातली माणसे कुठे गेली, हेही सांगावे, असे ठरवले आहे. त्यानंतर कोणी विद्यार्थी आपल्या गावाविषयी तसाच प्रश्न विचारील, तर त्याचे उत्तर टाळायचे नाही.